सरपंचांची स्मरणिका काढताना: पहिल्यांदाच हे काम अंगावर घेणाऱ्यांसाठी

दहाव्याच्या दिवशी घाटावर भाषणं होतात. "गावाचा आधारवड कोसळला," कुणी म्हणतं. "कधीही भरून न निघणारी पोकळी," दुसरं कुणी म्हणतं. मग एक ज्येष्ठ उठून सांगतात, "पंचवीस वर्षं त्यांनी गावाचा कारभार पाहिला. पुढच्या वर्षी पुण्यस्मरणाला आपण स्मरणिका काढू." माना हलतात आणि सगळ्यांच्या नजरा गावातल्या लिहित्या-वाचत्या पोराकडे किंवा पोरीकडे वळतात. त्या नजरा तुमच्याकडे वळल्या असतील, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

अशा तीन स्मरणिकांच्या कामात मी होतो. पहिलीचं मला आजही वाईट वाटतं. आम्ही सगळ्यांकडून लेख मागवले आणि आले तसे छापले. जवळजवळ प्रत्येक लेखात सरपंच दिलदार होते, अजातशत्रू होते, गोरगरिबांचे कैवारी होते. पण गावात नळ कोणत्या साली आले, शाळेच्या खोल्यांना जागा कुणी दिली, स्मशानभूमीच्या रस्त्याचा तंटा कसा मिटला, हे एकाही पानावर नव्हतं. आता ती स्मरणिका उघडली की तिच्यात सरपंच सापडत नाहीत. कारभार करणाऱ्या माणसाचा मान त्याच्या कामाच्या नेमक्या नोंदीत असतो, हे मी त्या चुकीतून शिकलो. म्हणून इथे लेख कसे मागवायचे यापेक्षा माहिती कशी शोधायची यावरच जास्त लिहिलंय.

आधी मुदत आणि आकार ठरवा

निधनानंतर काढायची असेल तर प्रथम पुण्यस्मरणापर्यंत वर्ष मिळतं. ते पुरतं, पण पहिले सहा महिने माहिती गोळा करण्यात गेले पाहिजेत. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. दहा महिने कुणीच काही करत नाही आणि शेवटच्या दोन महिन्यांत छापखान्यात धावपळ होते.

व्यक्ती हयात असेल तर फारच उत्तम. एकसष्टी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन असं निमित्त साधा, कारण त्यांनाच समोर बसवून विचारता येतं. मात्र ज्यांचा गौरव करायचा ते ग्रामसेवक, तलाठी किंवा दुसरे शासकीय कर्मचारी असतील आणि अजून सेवेत असतील, तर जरा थांबा. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. पूर्वपरवानगीशिवाय जाहीर सत्कार किंवा मानपत्र घेणं त्यांना अडचणीचं ठरतं. बदली किंवा निवृत्तीच्या वेळचा घरगुती स्वरूपाचा निरोप समारंभ चालतो. तुमच्या प्रेमापोटी त्यांच्यावर खुलासा देण्याची वेळ यायला नको.

आकार लहान ठेवा. ४८ पानं पुष्कळ झाली. पानांची संख्या चारच्या पटीत धरा, नाहीतर मधोमध पिन मारलेल्या पुस्तिकेत शेवटी कोरी पानं उरतात आणि ती भरायला कुणाची तरी कविता आणावी लागते.

कारकिर्दीचा तक्ता करा

एका मोठ्या कागदावर उभ्या ओळीत वर्षं लिहा. जन्मापासून शेवटापर्यंत, एका वर्षाला एक ओळ. समोर तीन रकाने: पद, काम, पुरावा. पुढचं सगळं काम म्हणजे हा तक्ता भरत जाणं.

पहिल्याच ओळीला अडखळाल, कारण जन्मतारीख. शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसली तर ती तशीच छापू नका. जुन्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस कागदावर १ जूनलाच असतो. पोराला शाळेत घालताना तारीख कुणाला ठाऊक नसायची आणि गुरुजी अंदाजाने १ जून लिहून टाकायचे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांना तारीख सांगता येणार नाही, पण "नागपंचमीच्या आदल्या दिवशी" किंवा "कोयनेचा भूकंप झाला त्या हिवाळ्यात" असं काही हाती लागतं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे साल आणि हंगाम मिळाला. तेवढं झालं तरी "कागदोपत्री जन्मतारीख १ जून" अशी वेगळी नोंद करून खरं ते लिहिता येतं.

मग पदाचा रकाना. गावात सगळे सांगतील, "सलग पंचवीस वर्षं सरपंच होते." आदराने सांगतील आणि मनापासून सांगतील, पण तपासल्याशिवाय लिहू नका. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि तिच्यानंतर सरपंचपदाचं आरक्षण फिरतं झालं. त्यामुळे त्यानंतरच्या काळात एकच माणूस सलग पाच मुदती सरपंच राहिला, असं क्वचितच घडतं. प्रत्यक्षात दोनदा सरपंच, एकदा उपसरपंच, दोनदा नुसते सदस्य, मध्ये काही महिने गावावर शासनाने नेमलेला प्रशासक अशी कारकीर्द निघते. सरपंच निवडायची पद्धतही बदलत आली. आधी सदस्य निवडायचे, २०१७ मध्ये थेट जनतेतून निवड आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. करोनामुळे २०२० मध्ये राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका लांबल्या, तिथे प्रशासक बसले आणि मतदान १५ जानेवारी २०२१ ला झालं. त्या महिन्यांत तुमचे सरपंच पदावर नव्हते, तरीही गावातल्या विलगीकरणाची व्यवस्था पाहत होते, असं असेल तर ते तसंच लिहा. पद नसताना केलेलं काम उलट जास्त मोलाचं आहे.

इथेच एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. पद महिलांसाठी राखीव झालं आणि त्यांच्या पत्नी किंवा सूनबाई सरपंच झाल्या, असं अनेक गावांत घडलंय. महिलांचं आरक्षण आधी एक तृतीयांश होतं, महाराष्ट्रात २०११ पासून ते निम्मं झालं. ती पाच वर्षं यजमानांच्या खात्यात टाकू नका. सही त्या बाईंची आहे, जबाबदारी त्यांची होती, काही चुकलं असतं तर नोटीसही त्यांच्याच नावाने आली असती. त्यांना वेगळं पान द्या आणि त्यांची मुलाखत एकट्यांची घ्या. आमच्या दुसऱ्या स्मरणिकेत हे केलं. बाई आधी म्हणाल्या, "मला काय विचारता, सगळं त्यांनाच ठाऊक." आणि मग सलग दीड तास अंगणवाडीच्या खोलीबद्दल बोलल्या. खिडक्या मुलांच्या उंचीला बसवायच्या म्हणून त्यांनी गवंड्याशी तीन दिवस वाद घातला होता. ती खोली अजून आहे. तिच्या खिडकीतून चार वर्षांचं पोर बाहेर बघू शकतं.

ग्रामसेवक किंवा तलाठ्यांवर लिहित असाल तर सेवापुस्तक हा तुमचा कणा. नेमणूक, बदल्या, सजा (म्हणजे तलाठ्याकडे सोपवलेली गावं), पदोन्नती सगळं त्यात असतं. कुटुंबीयांकडे बहुधा त्याची प्रत सापडते. पदांची नावं मात्र त्या-त्या काळातलीच वापरा. ग्रामसेवक आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आणि तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाले, पण हे बदल २०२४ चे. १९८५ साली गावात आलेले भाऊसाहेब तलाठीच होते.

दप्तर उघडा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. घाई करायची तर इतरत्र करा.

ग्रामपंचायतीत मासिक सभेचं आणि ग्रामसभेचं इतिवृत्त असतं. गावात त्याला सगळे प्रोसिडिंगच म्हणतात. जुनी प्रोसिडिंगं कपाटाच्या तळाशी, लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांत असतात. आधी सध्याच्या सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना साधं पत्र द्या, कशासाठी हवंय ते सांगा. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर काम होतं आणि शिपाईच गठ्ठा काढून देतो. नाहीच झालं तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं, प्रतींना पानामागे २ रुपये पडतात. अर्जात "सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका. "अमुक ते अमुक वर्षांतील मासिक सभांच्या इतिवृत्ताची पाहणी करून निवडक पानांच्या प्रती हव्यात" असं नेमकं लिहा. गठ्ठे स्वतः बसून बघितल्याशिवाय कोणतं पान हवंय ते कळत नाही.

पान कसं वाचायचं ते एका उदाहरणाने सांगतो. आम्हाला एक ठराव सापडला. विषय वाडीवरच्या पाण्याच्या टाकीला जागा मिळणेबाबत. खाली शेरा: "सदर विषय पुढील सभेत घेणेत यावा." पुढच्या सभेत पुन्हा तोच विषय, पुन्हा तोच शेरा. अक्षर बदललं, म्हणजे मधल्या काळात ग्रामसेवकांची बदली झाली होती. शाई निळ्याची काळी झाली. विषय मात्र दर वेळी सरपंचांनीच मांडलेला. पाचव्या सभेत तो मंजूर झाला. सूचक म्हणून सरपंचांचं नाव नव्हतंच. एका सदस्याचं होतं आणि सह्यांच्या ओळीत त्यांचा जांभळा अंगठा होता, शेजारी बारीक अक्षरात "नि. डा. अं.", म्हणजे निशाणी डावा अंगठा. चौकशी केली तेव्हा कळलं की टाकीला दोन गुंठे जागा याच सदस्यांनी दिली होती. अट एकच होती, ठराव त्यांनी मांडायचा. सरपंचांनी पाच महिने विषय जिवंत ठेवला आणि शेवटी मान दुसऱ्याला दिला. हे एक पान आम्ही स्मरणिकेत जसंच्या तसं छापलं, अंगठ्यासह. त्या सदस्यांचा नातू ते पान फोटोच्या चौकटीत घालून घरी घेऊन गेला.

म्हणून प्रोसिडिंग वाचताना नुसते मंजूर ठराव टिपू नका. तहकूब झालेले, विरोध नोंदवलेले, पुन्हा पुन्हा येणारे विषय टिपा. माणसाची चिकाटी तिथे दिसते.

ग्रामसभेचं इतिवृत्त वेगळं असतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभांच्या ठरलेल्या तारखा, त्यामुळे शोधायला सोपं जातं. हजेरीच्या सह्या मोजा. हजर माणसं वर्षागणिक वाढत गेली असतील तर कारभारावरच्या विश्वासाची याहून चांगली खूण नाही.

दप्तराबाहेरही बघा. शाळेतलं शेरेबुक, दूध संस्थेचे आणि विकास सोसायटीचे जुने अहवाल, इमारतींवरच्या कोनशिला. कोनशिलेवरची तारीख उद्घाटनाची असते, काम कधी सुरू झालं याची नसते, एवढं ध्यानात ठेवा. पंचायत समितीत कामांची मोजमाप पुस्तकं मिळाली तर खर्चाचे आकडेही पक्के होतात. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या १ मे १९६२ पासून आहेत. त्याआधीच्या गोष्टी त्यांच्या नावावर कुणी सांगत असेल तर साल पुन्हा विचारा.

माणसांकडे जा, आणि आधी साध्या माणसांकडे

आमदार, सभापती, कारखान्याचे संचालक यांचे शुभसंदेश मिळतीलच. त्यांच्यासाठी एक पान पुरे. तुमचा वेळ पाणी सोडणारा कर्मचारी, निवृत्त शिपाई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, पोस्टमन, एसटीचा जुना कंडक्टर यांच्यासाठी ठेवा. त्यांनी सरपंचांना रोज पाहिलंय आणि बिनइस्त्रीच्या कपड्यांत पाहिलंय.

"सरपंच कसे होते?" असं विचारलंत की "देवमाणूस" हे उत्तर येणार आणि मुलाखत तिथेच संपणार. "पाण्याची पाळी कशी ठरायची?", "वाडीवर पाणी पोचलं नाही तर तुम्ही कुणाकडे जायचा?", "ते चिडले तर काय करायचे?" असं विचारा. निवृत्त पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने मला सांगितलं की नळयोजना सुरू झाली त्या पहिल्या उन्हाळ्यात सरपंच पहाटे चारला बॅटरी घेऊन वॉल्व्हपाशी यायचे. बोलायचे नाहीत. शेवटच्या घरात धार किती जाड येते ते बघायचे आणि परत जायचे. त्या घरात एक विधवा बाई एकट्या राहत होत्या. घाटावरच्या एकाही भाषणात हे आलं नव्हतं, कारण ते तिघांनाच ठाऊक होतं.

साल विचारू नका, घटनेचा आधार द्या. "७२ च्या दुष्काळाच्या आधी की नंतर?" "इंदिरा गांधी गेल्या तेव्हा पूल झाला होता का?" म्हणजे ऑक्टोबर १९८४. "किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा शाळा नवी होती की जुनी?" म्हणजे ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट म्हणून लोकांना ती पक्की आठवते. कृष्णाकाठच्या गावांत २००५ आणि २०१९ चे महापूर हे असेच दगडावर कोरलेले आधार आहेत. प्रत्येक आठवण तुमच्या तक्त्यातल्या ओळीत बसते का ते पाहा. बसली नाही तर आठवण खोटी ठरत नाही, पण दोन घटना एकमेकींत मिसळलेल्या असू शकतात. पुन्हा जाऊन विचारा. तुम्ही दुसऱ्यांदा आलात याचं लोकांना बरं वाटतं.

मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, पण परवानगी घेऊन. आणि फाइलला लगेच नाव द्या. महिन्याभराने "रेकॉर्डिंग २३" म्हणजे कोण, ते आठवत नाही.

विरोधी पॅनेलच्या माणसाकडे जायचं टाळू नका. समितीतले काही जण नको म्हणतील. तरी जा. तीन निवडणुका त्यांच्याविरुद्ध लढलेल्या माणसाने "हिशेबात कधी खोट काढता आली नाही" म्हटलं, तर त्या एका वाक्याला चाहत्यांच्या दहा लेखांपेक्षा जास्त वजन येतं. आणि त्याने काही तक्रार सांगितली, तर तीही समजून घ्यायची आहे.

श्रेय मोजून द्या

"त्यांनी गावात पाणी आणलं" हे वाक्य अपुरं आहे. योजना शासनाची, पैसा वरून आलेला, आराखडा अभियंत्याचा. मग सरपंचांनी काय केलं? ते नेमकं शोधा. स्वजलधारासारख्या योजनेत गावाला १० टक्के लोकवर्गणी भरावी लागायची. ती कुणी, किती दिवसांत, घरोघर फिरून कशी जमवली? ज्यांना पैसे देणं शक्य नव्हतं त्यांनी चर खणायला श्रमदान केलं का? विहिरीच्या जागेचं बक्षीसपत्र करून घेतलं का? इथे सरपंचाचं कर्तृत्व असतं आणि ते तसं लिहिलं तरच वाचणाऱ्याला पटतं.

रोजगार हमीचंही तसंच. ती १९७२ च्या दुष्काळात सुरू झाली, तिचा कायदा १९७७ चा आणि अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. योजना सरपंचांनी आणली नाही. पण हजेरीपट वेळेवर जावा, मजुरी वेळेवर मिळावी, काम गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर निघावं, यासाठी तहसील कार्यालयात किती खेटे घातले, हे त्यांचं. गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० पासूनचं, तंटामुक्त मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासूनची. बक्षीस मिळालं असेल तर प्रमाणपत्रावरचं साल आणि स्तर लिहा. तालुक्याचा नंबर जिल्ह्याचा होऊ देऊ नका.

हिवरे बाजारबद्दल बोलताना लोक काय सांगतात ते आठवून पाहा. पोपटराव पवारांना पद्मश्री मिळाली, हे नंतर येतं. आधी येतो पाण्याचा ताळेबंद, शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियम, पाऊस मोजून पीक ठरवण्याची पद्धत. काम इतकं स्पष्ट सांगता येतं की विशेषणाची गरजच पडत नाही. आपल्या सरपंचांचं काम लहान असेल, पण तितकंच स्पष्ट सांगता येईल.

वाद आले तर

वीस वर्षांच्या कारभारात वाद नाहीत असं होत नाही. अविश्वास ठराव आला असेल, चौकशी झाली असेल, अतिक्रमण काढताना दोन घरं कायमची तुटली असतील. ते गाळलंत तर गावातला प्रत्येक माणूस वाचताना त्याच जागी थबकणार. पुराव्यावर उभं राहून दोन-चार ओळींत लिहा: ठराव कधी आला, मतं किती पडली, पुढे काय झालं. कारणांवर तर्क करू नका. कुणाच्या जातीचा, भावकीचा, घरगुती गोष्टींचा उल्लेख करू नका. ज्याच्याबद्दल लिहिताय त्याला छपाईआधी तो परिच्छेद वाचून दाखवा. आणि कुटुंबीयांनाही तो छापखान्यात जाण्याआधी दाखवा. दुःखाचं वर्ष असतं. पुस्तिका हातात आल्यावर त्यांना धक्का बसता कामा नये.

लिहायला बसा

मुख्य चरित्रलेख एकाच हाताने लिहिलेला असावा, दहा-बारा पानांचा. तो वर्षांच्या क्रमाने लिहायची सक्ती नाही. एखाद्या कामापासून, एखाद्या सभेपासून सुरू करा. लिहून झाल्यावर लाल पेन घ्या आणि दिलदार, धडाडीचे, निःस्पृह, कर्तव्यदक्ष हे शब्द जिथे जिथे असतील तिथे खूण करा. प्रत्येक खुणेपाशी स्वतःला विचारा, हे सांगणारी घटना माझ्याकडे आहे का? असेल तर घटना ठेवा, शब्द काढा. नसेल तर दोन्ही काढा.

इतरांचे लेख मागवताना विषय देऊन मागवा. "आठवणी लिहून द्या" म्हटलं की सगळे एकच लेख लिहितात. "शाळेची तिसरी आणि चौथी खोली", "यात्रेतला पाण्याचा टँकर", "माझ्या दाखल्याची गोष्ट" असे तीनशे शब्दांचे विषय वाटून द्या. लिहिता येत नाही त्यांचं ऐकून तुम्ही लिहा आणि खाली त्यांचंच नाव घाला.

मानपत्र असेल तर ते एका पानाचं, मोठ्याने वाचायला दोन-तीन मिनिटांचं. सुरुवातीचे अलंकार दोन ओळींत आटपा आणि तीन कामं सालासह सांगा. ऐकणाऱ्यांत त्या तीन कामांतली माणसं बसलेली असतील. त्यांच्या माना हलल्या की मानपत्र पोचलं.

फोटो आणि छपाई

फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून मागवू नका, बारीक होतात. डॉक्युमेंट म्हणून मागवा किंवा मूळ फोटो घेऊन ३०० डीपीआयवर स्कॅन करा. पासपोर्ट आकाराचा मोठा करायचा असेल तर ६०० वर. समूहातला फोटो असेल तर म्हाताऱ्या माणसांना दाखवून डावीकडून नावं आत्ताच लिहून घ्या. हे काम खरंच उद्यावर टाकू नका. तिसऱ्या स्मरणिकेच्या वेळी १९७८ सालच्या एका फोटोतले नऊपैकी चार जण ओळखणारे एकच आजोबा होते. आम्ही ठरलेल्या रविवारी गेलो, ते गुरुवारी गेले होते. त्या चौघांच्या जागी आम्हाला "नावे उपलब्ध नाहीत" असं छापावं लागलं.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला असेल आणि छापखाना श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये काम करत असेल तर रूपांतरात जोडाक्षरं तुटतात, रफार उडतो. म्हणून प्रूफ कागदावर काढून दोन वेळा वाचा. आडनावं आणि आकडे दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. आपलीच चूक आपल्याला दिसत नाही.

पैसे आणि कार्यक्रम

स्वतंत्र पावतीपुस्तक छापून वर्गणी गोळा करण्यापेक्षा गावातल्या नोंदणीकृत वाचनालयामार्फत किंवा मंडळामार्फत पैसे जमा करा, हिशेब सरळ राहतो. जाहिराती घ्यायच्या तर ग्रामपंचायतीच्या ठेकेदारांकडून घेऊ नका. सरपंचांनी सचोटीने कारभार केला असं आतल्या पानावर लिहायचं आणि मलपृष्ठावर ठेकेदाराची जाहिरात, हे शोभत नाही. खर्चाचा ताळेबंद शेवटच्या पानावर छापा.

प्रकाशनाला वक्ते पाचच, प्रत्येकी पाच मिनिटं. पाहुणे उशिरा येणार असतील तरी ठरल्या वेळी सुरू करा. वाडीवरच्या बायकांना संध्याकाळच्या कामाला परतायचं असतं. पहिली प्रत कुटुंबीयांना द्या आणि दुसरी ज्यांची मुलाखत सगळ्यात कामाची ठरली त्या व्यक्तीला, मंचावर बोलावून. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर ग्रामपंचायतीच्या खर्चाने काहीही करू नका आणि मंचावर कोण बसतं त्याकडे लक्ष ठेवा.

पुतळ्याचा विषय निघतोच. त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. सार्वजनिक रस्त्यावर पुतळा उभा करायला परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेशही आहे. माझं मत विचाराल तर जमलेल्या पैशांतून एक चांगला स्कॅनर घ्या आणि ग्रामपंचायतीच्या संमतीने जुनी प्रोसिडिंगं स्कॅन करून ठेवा. कागद पिवळा पडतोय, कडा झडताहेत, कसर लागतेय. सरपंचांच्या सह्या त्यातच आहेत.

स्मरणिकेच्या पाच प्रती बाजूला काढा: शाळा, गावचं वाचनालय, तालुक्याचं ग्रंथालय, ग्रामपंचायतीचं दप्तर आणि एक तुमच्याजवळ. तुमच्या प्रतीत मागे चार कोरे कागद शिवून घ्या. प्रकाशनाच्या दुसऱ्या दिवसापासून लोक येऊन सांगायला लागतात, "पूल ८६ ला नाही, ८७ ला झाला," "त्या फोटोतला तिसरा माझा चुलता." सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह ते त्या कागदांवर लिहीत जा.